हारवाल्या काकाजींना, ग्रामजयंतीच्या बुकेंबद्दल

काकाजी, नमस्कार.

त्या दिवशी तुमच्याशी धड बोलणंच झालं नाही. सामुदायिक प्रार्थना आटोपून मागं पाहते तर तुम्ही मुक्कामी गाडीच्या आधीची गाडी पकडून निघूनही गेले होते, चहासुद्धा घेतला नाही. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहून राहिली आहे. तुमचा पोरगा वाचून दाखवेलच, आणि बाकीच्यांनीही वाचावं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती, म्हणजेच आपली ग्रामजयंती, 30 एप्रिलला, 1909 साली यावलीला जन्म झाला त्यांचा, ती तारीख काही कोणाच्या सोयीनं हलत नाही. आणि फुलांसाठी त्याहून वाईट दिवस आपल्या विदर्भात शोधून सापडायचा नाही. दुपारी बाहेर पाय टाकवत नाही अशा उन्हात बुके आणायचे, सायंकाळपर्यंत टिकवायचे आणि दिवस मावळताना सत्कार करायचा. सत्कार तरी कोणाचे, तर अंगणवाडीतून रिटायर झालेल्या आमच्या बाई, आशाताई, नाल्या काढणारे भाऊ आणि मुक्कामी एसटीचे ड्रायव्हर. जन्मात कोणी या लोकांच्या हातात फूल दिलं नसेल, म्हणून आम्ही बचत गटाच्या बायकांनी ठरवलं होतं की यावेळी चांगले बुके पाहिजेत, पैसे लागले तर लागू दे.

तालुक्याच्या ज्या दुकानात ऑर्डर दिली होती त्याचं नाव घेत नाही. अ‍ॅडव्हान्स पूर्ण घेतला त्यांनी. ऑटोतून खोका उतरवला, उघडला, तर सगळ्या जरबेराच्या माना खाली, गुलाब प्लास्टिकच्या कागदात घाम फुटल्यासारखे ओलेचिंब आणि पाकळ्यांच्या कडा काळपट. फोन केला तर काय उत्तर मिळालं, "मॅडम उन्हाळा आहे, फोटोपुरते चालून जातील." फोटोपुरते! मागच्या वर्षीही यांचेच बुके होते, तेव्हा आतल्या स्पंजातून हिरवट पाणी गळून एका ताईच्या पदरावर एवढा मोठा डाग पडला आणि ती बिचारी अख्खा कार्यक्रम पदर मुठीत धरून बसली, टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत तिनं. फोटोत तो डाग दिसत नाही, खरंच आहे त्यांचं.

तुमचा त्या बुकेंशी काही संबंध नव्हता काकाजी. तुम्ही फक्त फोटोचा हार आणि सुटी फुलं द्यायला आले होते, पैसे घ्यायचे आणि निघायचं एवढंच काम होतं तुमचं. पण तुम्ही खोक्यात डोकावून पाह्यलं, एक जरबेरा हातात घेऊन देठ दाबून पाह्यला आणि म्हणाले, "मेले नाही हो बाई हे, तहानले हायेत. बकेटी आना." आणि चप्पल काढून शाळेच्या वरांड्यात बसलेच.

सगळं सांगत बसत नाही, पण काही गोष्टी आमच्या बायकांना आता पाठ झाल्या आहेत. तो प्लास्टिकचा कागद तुम्ही आधी फाडून फेकला, आत गरमी कोंडते म्हणून. देठं पाण्यात बुडवून ठेवून पाण्यातच तिरपी कापली, कारण बाहेर कापलं तर देठात हवा शिरते आणि मग पाणी वर चढत नाही. गुलाब खोल पाण्यात, पण जरबेरा दोन बोटं पाण्यातच, त्याचं देठ नरम आणि पोकळ असतं, जास्त बुडालं की सडते. आणि जरबेराच्या माना सरळ करून त्यांना पेपरात घट्ट गुंडाळून उभं केलं, म्हणजे पाणी पिता पिता मान ताठ होते. मला खरंच वाटलं नव्हतं, पण चार-साडेचारला पेपर सोडला तर जरबेरा ताठ! ज्या दोन-तीन नाहीच उठल्या त्या तुम्ही गुपचूप काढून तिथं तुमच्या टोपलीतली शेवंती बसवली.

आणि फुलं ठेवलेल्या खोलीतून प्रसादाची केळी आणि आंब्याची पेटी बाहेर काढायला लावली तेव्हा आमच्यातल्या एक-दोघी कुरकुरल्या होत्या. तुम्ही म्हणाले पिकत्या फळाचा वारा फुलाला म्हातारं करते. माझी पुतणी बीएस्सीला आहे, तिनं सांगितलं की पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो, तोच फुलं लवकर कोमेजवतो. म्हणजे तुमचं अक्षर अन् अक्षर बरोबर होतं.

पण काकाजी, मी हे पत्र लिहून राहिली ते यासाठी नाही. हे सगळं शिकलेला माणूस दुसराही भेटेल.

सत्कार सुरू झाले तेव्हा तुम्ही स्टेजच्या मागं बकेटीजवळ उकिडवे बसले होते. माईकवरून नाव पुकारलं की एक बुके उचलायचा, देठाला गुंडाळलेला ओला कापूस काढायचा आणि खांद्यावरचा दुपट्टा घेऊन देठं खालून वरपर्यंत पुसायची, हात फिरवून काटा राहिला का पाहायचा, मगच माझ्या हातात द्यायचा. प्रत्येक बुके. घाई झाली, माईकवाला दुसऱ्यांदा नाव घेऊन राह्यला, तरी तुम्ही पुसल्याशिवाय दिला नाही. अंगणवाडीच्या बाईंचा बुके देताना तुम्ही हळूच म्हणाले, "ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या त्या, थेंब नको पडाले." मागच्या वर्षीचं तुम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं. मला तिथंच भरून आलं, स्टेजवर जाऊन बोलताना आवाज फुटत नव्हता.

बाईंनी तो बुके छातीशी धरला, अगदी जरीच्या पदरावर, आणि प्रार्थना होईपर्यंत तसाच धरून बसल्या.

पैसे देऊन माल घेणारे आपण खूप पाहतो, आणि पैसे घेऊन टाळणारे त्याहून जास्त. पण समोर कोण बसणार आहे, तिच्या अंगावर काय आहे, घरी जाताना तिला कसं वाटेल, याचा विचार स्टेजमागं बसून, कोणी बघत नसताना करणारी माणसं अजून आपल्या गावाखेड्यात आहेत आणि ती कोणत्याच पोस्टरवर नसतात. त्या दिवशी आभार मानताना माईकवरून मंडपवाल्याचं नाव घेतलं गेलं, साउंडवाल्याचं घेतलं गेलं, तुमचं राहून गेलं, याचं मला फार वाईट वाटते.

एक शेवटचं. तुम्ही फक्त हाराचेच पैसे नेले, शेवंतीचे नाही, मेहनतीचे तर नाहीच. गटाच्या मीटिंगमध्ये ठरवून ते पाकिटात घालून ड्रायव्हर भाऊंजवळ दिले आहेत, तुमच्या स्टँडवर उतरवून देतील. परत पाठवू नका. आणि पुढच्या 30 एप्रिलची ऑर्डर आतापासून तुमचीच आहे, तालुक्याला आम्ही फोन करणार नाही.

तुमची,
बचत गटातली ताई