वाढत्या कंपनीतून मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

झपाट्याने वाढणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीत यावं का, असं तू विचारलंस. हो-नाही मी सांगणार नाही. इथे काय चालतं ते सांगतो.

मी आलो तेव्हा आम्ही सगळे एका टेबलाभोवती मावायचो. सर्व्हर पडला की मान वर करून विचारायचं, "कोणी काय डिप्लॉय केलं रे?" (म्हणजे नवा कोड कोणी चढवला?) लगेच उत्तर यायचं. आता आधी चॅटच्या कुठल्या चॅनेलवर विचारायचं हेच शोधावं लागतं. हिशेब साधा आहे: 10 माणसांत बोलणाऱ्या जोड्या 45, 50 माणसांत 1225. माणसं पाचपट, जोड्या सत्तावीसपट. मीटिंगा वाढतात त्या यामुळे, कुणाच्या हौसेखातर नव्हे. (काही हौसेखातरही होतात, ते सोड.)

आयबीएममध्ये ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्सने 1975 मध्येच लिहून ठेवलंय की रखडलेल्या कामावर नवी माणसं घातली की ते आणखी रखडतं. वरच्यांना हे तोंडपाठ असतं, तरी रिलीज लांबला की भरती सुरू! मग जुने लोक दिवसभर नव्यांना शिकवतात आणि स्वतःचा कोड संध्याकाळी उघडतात.

तरी नव्यांशिवाय आमचं काही खरं नव्हतं. परवा नव्याने आलेल्या एका मुलीने विचारलं, "बिलांचा जॉब पहाटे तीनलाच का चालतो?" (जॉब म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम.) आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. गिटमधला, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदीतला, इतिहास उपसल्यावर उलगडा झाला: जुन्या सर्व्हरचा बॅकअप दोनला सुरू व्हायचा, तो संपावा म्हणून तीन. तो सर्व्हर केव्हाच भंगारात गेला, आणि ऑन-कॉलवाले, म्हणजे बिघाड झाला की रात्री उठणारे, मात्र त्या जॉबपायी झोपमोड करून घेत होते. आता तो सकाळी दहाला चालतो. फेल झालाच तर सगळे जागे असतात.

शेअरचं गाजर दाखवलं तर व्हेस्टिंगच्या, म्हणजे ते शेअर हळूहळू तुझ्या नावावर होण्याच्या, अटी नीट वाच. बहुतेक ठिकाणी चार वर्षांत मिळतात, वर्षाच्या आत सोडलंस तर हाती काही नाही.

आणि मुलाखतीत एवढं विचारच: रात्री अलर्ट आला तर कोण उठतं? "ज्याला माहीत असेल तो," असं म्हणाले तर समज की तसा एकच बिचारा आहे, आणि ते तुला त्याच्याच जागी घेतायत.

काय ठरतंय ते कळव.

तुझाच,
जुना रूममेट