प्रभागाच्या अंदाजपत्रकात खेळ शिकवणारीचे मानधन धरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुणे महापालिका २००६पासून नागरिकांकडून प्रभागातल्या कामांच्या सूचना मागवते. लोकांनी व्यायाम करावा असे वाटले की आपल्याला पहिली आठवते ती ओपन जिम. यंत्रे बसतात, फीत कापली जाते. त्यानंतर मुले एअर वॉकरचा झोपाळा करतात, बेअरिंग झिजते, वेल्डिंग सुटते आणि दुरुस्ती कोणी करायची हे कुठेच लिहिलेले नसते. यंत्र शाबूत असले तरी ज्या बाईने कधी व्यायामच केलेला नाही, ती चार लोकांच्या नजरेसमोर एकटी त्यावर चढत नाही. येत्या अंदाजपत्रकासाठी आमची मागणी वेगळी आहे: प्रत्येक प्रभागातल्या निदान एका वस्तीत आठवड्याला तीन दिवस, एक तास खेळ घेणारी प्रशिक्षिका आणि तिचे मानधन. वर्षाचे हे साधारण १५० तास होतात. त्याचा खर्च यंत्रांच्या निविदेशेजारी मांडून पाहावा.

'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार २०२२मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते, स्त्रियांत ५७ टक्के. यावर "दिवसभर राबतोच की आम्ही" असे बायका म्हणतात, आणि ते खरेच आहे. श्वास वाढवणारे घरकामही हालचालीत धरले जाते. पण ओट्याशी तासन्‌तास उभे राहून मांड्यांना ताकद येत नाही, तोल सुधारत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि त्याशिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतके.

वर्ग ओस पडतो तो बहुतेक वेळा वेळेमुळे. "मोफत योगवर्ग, सकाळी ६" असा फलक लागतो, आणि सहाला तर नळाला पाणी येते, डबे भरायचे असतात. म्हणून आधी वस्तीत फिरून तीन गोष्टी विचाराव्यात: पाण्याची वेळ, धुण्याभांड्याच्या कामांच्या वेळा, मुलांच्या शाळेची वेळ. कुठे दुपारचे चार सोयीचे निघतात, कुठे रात्रीचे साडेआठ. माणसेही नव्याने जमवू नयेत. बचत गटात १० ते २० जणी असतात, त्यांची बैठक ठरलेली असते, एकमेकींवर भरवसा असतो. भजनी मंडळही चालेल. एकदोन गट मिळून पंचवीसेक जणी झाल्या तर दर वर्गाला बारा-पंधरा येतात, आणि तेवढ्यांत खेळ रंगतो.

पहिल्या दिवसाआधी जवळच्या महापालिका दवाखान्यात सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. तिशीपुढच्यांची ही तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारीने उपाशीपोटी खेळू नये, आणि पिशवीत साखर असावी. छातीत दुखले, भोवळ आली, तर खेळ तिथेच थांबवून दवाखाना गाठावा.

पहिले दोन आठवडे फक्त चालणे: दहा मिनिटांपासून वीसपर्यंत. तिसऱ्या आठवड्यात खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला रेटून जोर, टाचा उचलणे, प्रत्येकी आठ वेळा, दोन फेऱ्या. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, दोन-तीन दिवस दुखतात आणि आपोआप बऱ्या होतात. हे आधी सांगितले नाही तर "मला झेपत नाही" म्हणून बायका यायच्या थांबतात. गळती सर्वांत जास्त इथेच होते.

चौथ्या आठवड्यापासून खेळ. लगोरी, रिंग, लेझीम हे आपले खेळ यासाठी उत्तम आहेत. लेझमीचे 'चार आवाज' जमले की हलगीवर अर्धा तास कसा जातो कळत नाही. लंगडी मात्र लगेच घेऊ नये. चाळिशीच्या, वजन वाढलेल्या बाईचा सगळा भार एका गुडघ्यावर आणि घोट्यावर पडतो. खो-खोत उकिडवे बसून झटक्यात उठणे आणि खांबाजवळ गर्रकन वळणे गुडघ्यांना जड जाते, म्हणून बसण्याऐवजी उभ्यानेच रांग करावी, पळण्याऐवजी भरभर चालावे, खांबाजागी प्लास्टिकचे शंकू ठेवून त्यांना लांबून वळसा घालावा. पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटर असते. या बदललेल्या खेळाला त्याच्या निम्म्या लांबी-रुंदीची चौकट फक्कीने आखली तरी पुरते.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. बाळंतपणानंतर अनेकींना उडी मारली, खोकले की थेंब थेंब लघवी होते. लाजेने त्या कारण सांगत नाहीत, फक्त यायच्या बंद होतात. म्हणून सुरुवातीचे काही महिने उड्या नकोत, आणि जागा निवडताना चालू स्थितीतले स्वच्छतागृह आहे का, हे मैदानाच्या आधी पाहावे.

जमीन मातीची असावी. पेव्हर ब्लॉकवर पावसाळ्यात शेवाळ धरते; तिथे पळायचे नाही, चालणे आणि ताकदीचे व्यायामच घ्यायचे. चपला घालून पळताना पाय मुरगळतो. मागून बंद असलेले साधे कॅनव्हासचे बूट पुरतात, आणि गटाच्या बचतीतून ते एकदम घेता येतात.

सणांचे नियोजन हवेच. नवरात्रात, दिवाळीत खंड पडणार. सुट्टीआधीच पुन्हा सुरू करण्याची तारीख सांगितली नाही तर वर्ग मोडतो. स्पर्धा पहिल्या सहा महिन्यांत मुळीच घेऊ नये, कारण चपळ चौघी खेळतात आणि बाकीच्या पुन्हा प्रेक्षक होतात. वजनकाटाही आणू नये. वजन उतरायला वेळ लागतो आणि त्याआधीच हिरमोड होतो. त्यापेक्षा खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता येते ते दर महिन्याला लिहून ठेवावे. हा आकडा लवकर वाढतो आणि बायकांना त्याचा खरा आनंद होतो.

प्रशिक्षिका कुठून आणायच्या? जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी जिंकला. असा खेळ रुजलेल्या राज्यात शाळा-कॉलेजात खो-खो, कबड्डी खेळलेल्या आणि लग्नानंतर मैदान सुटलेल्या मुली वस्तीवस्तीत आहेत. त्यांना मानधन द्या, आठवडाभराचे प्रशिक्षण आणि प्रथमोपचार शिकवा. पहिल्या महिन्यापासूनच गटातल्या दोघींना हाताशी तयार करा, म्हणजे प्रशिक्षिका नसली तरी वर्ग चालू राहील.

महापालिकेकडून आणखी एक हवे आहे. पालिका शाळांची मैदाने शाळा सुटल्यावर कुलूपबंद असतात. बंदिस्त आवार, दिवे, पाणी आणि स्वच्छतागृह या चारही गोष्टी बहुधा तिथेच एकत्र मिळतात. ठरलेल्या तीन दिवशी फाटक उघडण्याचा लेखी आदेश मुख्याध्यापकांच्या नावे निघावा, आणि किल्ली कोणाकडे असेल, शिपायाच्या जादा तासांचे पैसे कुठल्या शीर्षाखाली मिळतील, हे त्याच आदेशात लिहिलेले असावे.

– वस्त्यांमध्ये महिलांचे खेळवर्ग घेणाऱ्या शारीरिक शिक्षण शिक्षिका, पुणे