शोधणाऱ्याचे नावही छापा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील कॅनडाच्या 'मिस्टेकन पॉइंट' या संरक्षित किनाऱ्यावरचा लेख आवडला. मात्र 'हे जीवाश्म १९६७ मध्ये एका विद्यार्थ्याला सापडले' या वाक्यापाशी मी अडखळले. या विद्यार्थ्याला नाव आहे. उत्तर प्रदेशातले शिव बालक मिश्र तेव्हा न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात शिकत होते आणि त्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा करताना त्यांना हे ठसे दिसले.

मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे गेले असताना तिथे जाऊन आले. मार्गदर्शकाशिवाय जाताच येत नाही. पोर्तुगाल कोव्ह साउथ या खेड्यातून निघून शेवटचे तीनेक किलोमीटर चालायचे. धुके इतके की पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसे. अशाच धुक्यात खलाशांना हे टोक म्हणजे जवळचेच केप रेस नावाचे दुसरे टोक वाटायचे, वळण चुकायचे आणि जहाज खडकावर जायचे. नाव त्यावरूनच पडले. खडकावर पाऊल ठेवण्याआधी सगळ्यांना बूट काढायला लावले. माझ्या गुडघ्यांनी कुरकुर केली, पण मोजे घातलेल्या पायांनी त्या तिरक्या फरशीवर उभी राहिले आणि दुखणे विसरले. सुमारे ५६ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ होता तो!

लेखात या ठशांना 'वनस्पतींचे' म्हटले आहे, तेही दुरुस्त करावे. दिसतात ते नेच्याच्या पानांसारखे, हे खरे. पण हे जीव ऊन पोहोचत नाही इतक्या खोल पाण्यात राहत. मग वनस्पती कशा असतील? ज्वालामुखीची राख वरून बसली आणि ते होते तिथेच, होते तसे झाकले गेले. त्या राखेतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवरूनच आज त्यांचे वय काढतात.

आमच्या मार्गदर्शक मुलीने दोन्ही टोकांना निमुळता, चातीसारखा एक ठसा दाखवला आणि म्हणाली, "हा मिस्राय." फ्रॅक्टोफ्यूसस मिस्राय. २००७ मध्ये या जातीला मिश्रांचे नाव दिले गेले. ते स्वतः तोवर केव्हाच भारतात परतले होते; आपल्या भागात त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी शाळा काढली. (माझ्या मते यावर वेगळा लेख व्हावा.) २०१६ मध्ये युनेस्कोने हा किनारा जागतिक वारशाच्या यादीत घेतला, ते लेखात आहेच.

तिथल्या विशीतल्या मुलीला जे नाव पाठ आहे, ते आपल्या पुरवणीत नसावे याचे वाईट वाटले. येत्या रविवारी दोन ओळींचा खुलासा छापलात तर बरे होईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका