दोष आईच्या रक्तात शोधू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'आईच्या जनुकांमुळे बाळात व्यंग' या मथळ्याची बातमी आपल्या अंकात वाचली. ईशान्य ब्राझीलमध्ये डासांतून पसरणाऱ्या झिका विषाणूची लागण झालेल्या मातांवर झालेल्या संशोधनाविषयी ती होती. संशोधन खरे आहे, पण मथळा वाचून माझ्या छातीत धस्स झाले. मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. असे वाक्य कोणत्या घरात कोणाच्या तोंडी जाईल, हे मला पुरते ठाऊक आहे.

आमच्याकडे प्रवेशाच्या वेळी मुलाची केस हिस्टरी भरून घेतात. नात्यात लग्न झाले आहे का, घराण्यात आणखी कोणाला ऐकू येत नाही का, गरोदरपणात अंगावर पुरळ उठले होते का. पहिल्या दोन प्रश्नांना बहुतेक वेळा सासूबाईच उत्तर देतात. "आमच्यात सात पिढ्यांत असं कुणी नाही, हिच्याच माहेरचं आलंय." एका आईने हे खाली मान घालून ऐकून घेतले. मग तिसऱ्या प्रश्नाला हळूच म्हणाली, "दुसरा महिना होता, मॅडम. बारीक लाल पुरळ आलं, कानामागं गाठी आल्या. तीन दिवसांत गेलं. सगळे म्हणाले, उष्णता असेल." मुलाच्या फायलीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा कागद होता, हृदयाच्या टूडी इकोचाही होता. डोळे, हृदय आणि कान एकाच लेकरात बिघडले, की आधी रुबेलाची, म्हणजे आईला गरोदरपणात होऊन गेलेल्या जर्मन गोवराची, शंका घ्यायची असते. त्या घरात ती कुणीच घेतली नव्हती. सून मात्र तीन वर्षे बोलणी खात होती.

हे आजचे नाही. जन्मजात मोतीबिंदू म्हटला की आनुवंशिकतेकडे बोट दाखवायचे, अशा काळात, 1941 मध्ये, सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी आयांनाच विचारून पाहिले. त्यांनी नोंदवलेल्या 78 बाळांपैकी 68 जणांच्या आयांना गरोदरपणात रुबेला होऊन गेला होता.

आता जनुकांचे. झिकामुळे पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटून डोके लहान राहू शकते, पण झिका झालेल्या प्रत्येक गर्भवतीच्या बाळाला इजा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते इजा होण्याचे प्रमाण 5 ते 15 टक्के आहे. मग त्यांनाच का, हा प्रश्न रास्तच. 2019 मध्ये ब्राझीलच्या मातांमध्ये अ‍ॅडेनिलेट सायक्लेज या एन्झाइमच्या जनुकांतले काही फरक या धोक्याशी जोडलेले आढळले. पण त्याच्या आदल्याच वर्षी साओ पावलोच्या मायाना झाट्झ यांच्या गटाने जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, तो आपल्या बातमीत आलाच नाही. आई तीच, गर्भारपण तेच, तरी जुळ्यांतल्या एकाचे डोके लहान आणि दुसरे बाळ धडधाकट. दोघांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत मेंदूच्या मूळपेशी तयार केल्या, तेव्हा बाधित बाळाच्या पेशींत विषाणू अधिक फोफावला. म्हणजे बाळाची स्वतःची जनुकेही यात आहेत, आणि ती निम्मी बापाकडून आलेली असतात. 2020 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत असेही दिसले की गर्भवतीच्या आहारात प्रथिने कमी पडली तर पिल्लांच्या मेंदूवर झिकाचा घाव अधिक खोल बसतो. हे सगळे सोडून मथळ्यात एकटी आई उरते, याचे मला फार वाईट वाटते.

रुबेलात तर जनुकांना फारसा वावच नाही. गर्भारपणाच्या सुरुवातीला लागण झाली तर विषाणू बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता 90 टक्के. झिकावर लस नाही, 2024 मध्ये पुण्यात गर्भवतींना त्याची लागण झाली तेव्हा डासांपासून जपणे एवढेच हाती होते. रुबेलावर मात्र लस आहे, स्वस्त आहे, आपल्या सरकारी दवाखान्यात आहे.

माझा खरा मुद्दा इथे आहे. महाराष्ट्रात 27 नोव्हेंबर 2018 ला गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, ती 9 महिने ते 15 वर्षांच्या मुलांसाठी. त्या वेळी अकरावी-बारावीत, कॉलेजात असलेल्या मुली वयामुळे बाहेर राहिल्या. त्यांच्या लहानपणी सरकारी वेळापत्रकात या दोहोंपैकी फक्त गोवराची लस होती. त्याच मुली आज लग्न करून आई होत आहेत. काहींना रुबेला नकळत होऊन गेला असेल, त्या सुरक्षित आहेत. बाकीच्यांचे काय? ही लस गरोदरपणात देता येत नाही आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात. म्हणजे पहिल्या तपासणीला बाई आली, तोवर लसीची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून आरोग्य खात्याने कॉलेजांत आणि आशाताईंमार्फत पाड्या-वस्त्यांवर या वयाच्या मुलींना आणि नवविवाहितांना लस द्यावी. लग्न जमवताना विचारायची आणखी एक अट या लसीची होऊ नये. म्हणूनच ती बैठकीच्या आधी, सगळ्यांना सरसकट मिळायला हवी. आणि आपल्याला विनंती, की जनुकांची पुढची बातमी छापाल तेव्हा बापाचा निम्मा वाटा आणि लसीची माहिती त्याच चौकटीत, ठळक अक्षरांत द्यावी. आमच्या शाळेत येणारे पालक आपला पेपर वाचतात.

कळावे,
एक विशेष शिक्षिका, मिरज