लेआउटच्या मोकळ्या जागेत दहा वाफे : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
नागपूर महानगरपालिका

महोदय,

शहराच्या दक्षिण भागातील एका लेआउटमध्ये आम्ही राहतो. लेआउटच्या मधोमध सार्वजनिक उपयोगासाठी सोडलेली मोकळी जागा आहे आणि तिच्या एका कोपऱ्यात दिवसभर ऊन असते. त्या कोपऱ्यात भाजीचे दहा वाफे करण्याची लेखी परवानगी आम्हा बारा कुटुंबांना द्यावी, एवढ्यासाठीच हे पत्र आहे. ते खुले लिहिण्याचे कारण असे की, आम्हाला जे मिळेल ते इतर लेआउटमधील रहिवाशांनाही मागता यावे.

आमच्यापैकी कोणीही शेतकरी नाही. गेल्या पावसाळ्यात, कोणालाही न विचारता, आम्ही त्याच कोपऱ्यात भेंडी, बरबटी आणि टमाटर लावून पाहिले आणि सगळे हातचे गेले. यात दोष आमच्याच अज्ञानाचा होता. इथली काळी माती उन्हाळ्यात बोट जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगून पाणी धरून ठेवते, हे ऐकून माहीत होते; पण सपाट जमिनीत लावलेली टमाटरची रोपे चार दिवसांच्या झडीत पिवळी पडली आणि एक रोप उपटून पाहिले तेव्हा मुळे तपकिरी, लिबलिबीत झालेली होती, त्यांना डबक्याचा वास येत होता, तेव्हा ते खरे समजले. भेंडी तगली होती. ती मोकाट गाईंनी एका रात्रीत संपवली. खणताना फूटभर खाली टाइल्सचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे लागले ते वेगळेच.

या वेळी म्हणूनच आम्ही पावसाळ्यात भाजी लावणार नाही. नवशिक्याने नागपुरात सुरुवात करावी ती हिवाळ्यात, असे माझे आता ठाम मत झाले आहे. जूनमध्ये मलबा उपसून त्या जागेवर ढेंचा किंवा बोरू (हिरवळीच्या खतासाठी मातीत गाडायचे पीक) पेरायचा, फुलावर येण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण ४५ दिवसांनी, तो तिथेच गाडायचा आणि सप्टेंबरच्या अखेरीस एक मीटर रुंद, तीन मीटर लांब व वीतभर उंच गादीवाफे करायचे, म्हणजे परतीचा पाऊस आला तरी पाणी मुळांशी थांबणार नाही. पहिल्या वर्षी पालक, मेथी, मुळा आणि सांबार एवढेच पेरू. (आपण बाहेरच्या जिल्ह्यातून आला असाल तर सांगतो, इथे सांबार म्हणजे कोथिंबीर.) वांग्याची रोपे मात्र रोपवाटिकेतून तयार आणू, कारण बी टाकून रोप करण्याइतका धीर आमच्यात अजून नाही. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत वाफे पालापाचोळ्याखाली झाकून ठेवू. ४५ अंशांच्या उन्हात पालक जगवण्याचा हट्ट पाण्याची नासाडी करणारा आहे.

पाण्याचा हिशेबही मांडतो. दहा वाफ्यांचे क्षेत्र तीस चौरस मीटर होते. हिवाळ्यात चौरस मीटरला चार-पाच लिटर धरले तरी रोज १२० ते १५० लिटर, म्हणजे एका मोठ्या ड्रमपेक्षाही कमी, पाणी लागेल. त्यासाठी मीटरसह एक नळजोडणी मिळावी. बिल आम्ही भरू. जवळून नाला वाहतो, पण त्याचे पाणी भाजीला कदापि वापरणार नाही, असे आम्हीच लिहून देतो.

आपल्याकडून आणखी एक मागणे आहे. उद्यान विभागातील एखादा अनुभवी माळी महिन्यातून दोनदा, तासभर तरी, आमच्याकडे यावा. माती तपासून घेण्याची तयारी आम्ही केली आहे : पाच-सहा ठिकाणी व्ही आकाराचे वीतभर खड्डे घेऊन, कडेची माती खरवडून, ती एकत्र करून, तिचे चार भाग पाडून आणि दर वेळी समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो नमुना उरवायचा. ज्या शहरात १९०६ पासून कृषी महाविद्यालय आहे आणि अमरावती मार्गावर मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे मातीचे जाणकार दुर्मिळ नाहीत. तरीही अहवाल वाचणे वेगळे आणि मूठभर माती दाबून ‘आज खुरपू नका’ असे सांगणारा माणूस शेजारी उभा असणे वेगळे.

जागेची मालकी, तिचे आरक्षण आणि मुलांच्या खेळाचा भाग यांना धक्का लागणार नाही. पक्के बांधकाम करणार नाही. गुरांसाठी काढता येईल असे बांबूचे कुंपण घालू. घरांतला ओला कचरा आणि झाडांचा पालापाचोळा तिथेच कुजवू. वाफे मात्र आपसांत वाटून घेणार नाही, वार वाटून घेऊ. सोमवार ते शनिवार रोज दोन कुटुंबे आणि रविवारी सर्व, असे ठरले आहे, कारण वाफा ‘माझा’ झाला की शेजारचा सुकत असलेला दिसत नाही, हे गेल्या वर्षीच आम्ही अनुभवले. परवानगी एका वर्षाचीच द्यावी आणि वर्षभरानंतर जागा पाहून पुढचे ठरवावे. उद्घाटनाचा फलक नसला तरी चालेल.

परवानगी मृग लागण्यापूर्वी मिळाली तर ढेंचा वेळेवर पेरता येईल. उशीर झाल्यास शेणखत वाढवून भागवू, पण मलबा उपसायला आम्हाला किमान पंधरा दिवस लागतील, एवढे कृपया ध्यानात घ्यावे.

आपला विश्वासू,
बारा कुटुंबांच्या वतीने एक रहिवासी, नागपूर