तिथे मी तुमच्याबद्दल काय बोलते

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

मी मनाच्या उपचारांसाठी दर आठवड्याला मॅडमकडे जाते, त्याबद्दल रविवारी फोनवर आईने विचारलं, "तिथे आमच्याबद्दल काय काय सांगतेस गं?" आणि मी तोंड उघडायच्या आत कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. कुकर होता की नव्हता, देव जाणे. प्रश्न मात्र खरा होता, म्हणून लिहायला बसले. फोनवर बोलायला गेलं की बाबा मागून "पैसे किती घेतात ते विचार" म्हणतात आणि विषय तिकडेच वळतो.

म्हणून आधी पैसेच. आठवड्यातून एकदा पन्नास मिनिटं, दीड हजार रुपये. बाबा, "एवढ्या पैशांत नुसत्या गप्पा?" हे तुमचं वाक्य मला इथे ऐकू येतंय. विम्यातून मिळत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात शरीराच्या आजारासारखाच मनाच्या आजारालाही विमा द्या असं कंपन्यांना बजावलंय, पण माझ्या पॉलिसीत दवाखान्यात भरती झालं तरच पैसे मिळतात. मी तर तासभर बसून घरी येते. तेव्हा खर्च माझा, आणि तो मला झेपतोय.

माझं रडणं-संतापणं तुम्हाला नवं नाही. "हिचं रडू म्हणजे चिपळूणचा पाऊस, लागला की गणपतीपर्यंत" असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायची. मोठेपणी ते कमी झालं असं तुम्हाला वाटतं, कारण आता मी तिथे नसते. साहेबांचा "जरा येऊन भेट" एवढाच मेसेज आला तरी कानशिलं तापतात, बोटं थरथरतात आणि केबिनपर्यंत पोचेतो मनातल्या मनात माझी नोकरी गेलेली असते. आत गेल्यावर कळतं, रजेच्या अर्जावर सही राहिली होती. हे कळूनही शरीर संध्याकाळपर्यंत खाली उतरत नाही. मग घरी येऊन कांदा चिरणाऱ्या मैत्रिणीवर खेकसायचं, आणि रात्री त्याबद्दल रडायचं. आई, तुला वाटेल म्हणून आत्ताच सांगते, जिवाचं बरंवाईट करावं असं माझ्या मनात नाही. कधी आलंच तर कोणाला फोन करायचा हे कागदावर लिहून कपाटाला आतून चिकटवलंय. त्यात १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबरही आहे. तो फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीतही बोलतात. तुमच्याकडेही लिहून ठेवा. शेजारच्या काकूंना उपयोगी पडेल.

बरी व्यक्ती सापडायला वेळ लागला. समुपदेशक अशी पाटी लावायला आपल्याकडे फारसं कोणी अडवत नाही. पहिल्या बाईंनी अर्ध्या तासात माझी पत्रिका विचारली आणि लग्नाचं बघा म्हणाल्या. दीड हजार देऊन मावशीचा सल्ला ऐकला. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, म्हणजे एमडी झालेले डॉक्टर. त्यांनी आधी थायरॉईड तपासायला लावला, झोपेची चौकशी केली आणि सरळ सांगितलं, गोळी लागली तर देईन, पण तुमचं मुख्य काम बोलून आणि शिकून होणारं आहे, त्यासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा. हे डॉक्टर मला आवडले.

त्यानंतर मी फोनवर चार गोष्टी विचारायला लागले. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का. तीव्र भावनांवर काम करायला कुठे शिकलात. तुम्ही स्वतः अडलात तर कोणाला विचारता. आणि मला फरक पडतोय हे आपल्याला कशावरून कळणार. मुलीचं स्थळ बघताना तुम्ही याहून जास्त चौकशी करता, तेव्हा हसू नका. तिसऱ्या प्रश्नावर काहीजण दुखावले. आत्ताच्या मॅडम म्हणाल्या, "दर पंधरा दिवसांनी माझ्या सीनियरशी बोलते, तुमचं नाव न सांगता." तिथेच माझं ठरलं.

बाबा, तुम्ही ठाण्याला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींच्या संस्थेत जा म्हणालात. १९९० पासून त्यांनी केलेलं काम मला ठाऊक आहे, आणि त्यांची विवेकनिष्ठ विचारांची भाषणं मला तुम्हीच ऐकवलीत. पण दर आठवड्याला पुण्याहून ठाणं जमणार नाही. शिवाय त्या पद्धतीत आधी आपला विचार पकडायचा असतो, आणि माझ्याकडे विचार हाताला लागेपर्यंत अंगाने पेट घेतलेला असतो. म्हणून मॅडम दुसऱ्या पद्धतीतली कौशल्यं शिकवतात, तिला डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणतात. सिएटलच्या मार्शा लिनहान यांनी ती जीव द्यायला निघालेल्या बायकांबरोबर काम करता करता बसवली, आणि १९९३ मध्ये त्यावरचं पुस्तक आलं. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की सतराव्या वर्षी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या. मला हे ऐकून फार धीर आला. पूर्ण डीबीटी म्हणजे स्वतंत्र भेट, शिवाय दर आठवड्याला गटात शिकवणी, शिवाय अडचणीच्या वेळी फोन. आपल्याकडे जाहिरातीत हे नाव लिहिणारे पुष्कळ, गट चालवणारे थोडे. मॅडमचा गट ऑनलाइन आहे. त्यात नाशिकचे एक निवृत्त गृहस्थही आहेत.

आई, तिथे काय शिकवतात ऐक. भडका उडाला की थंड पाण्याच्या घमेल्यात चेहरा बुडवायचा, श्वास रोखून, जमेल तितके सेकंद. डोळ्यांभोवती आणि गालांना गार लागलं की पाण्यात बुडी मारल्यासारखं शरीराला वाटतं आणि ठोके हळू होतात. पहिल्यांदा केलं तेव्हा बाथरूमच्या फरशीवर गुडघे टेकून, नाकात पाणी जाऊन, केस निथळत बसले होते आणि मला जाणवलं की साहेबांशी चाललेलं मनातलं भांडण थांबलंय. "जा, आधी तोंडावर पाणी मार" हे तू मला किती वर्षं सांगत होतीस! मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आईंची फी बाकी आहे. बाबा, तुम्ही मात्र हा प्रयोग करायचा नाही. अँजिओप्लास्टी झालेल्यांना आणि ठोके कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना तो चालत नाही.

रोज एक तक्ता भरायचा असतो. राग किती, भीती किती, शून्य ते पाच. काय केलं, काय करावंसं वाटलं पण केलं नाही. मी त्यासाठी बाबांसारखी लांबट लाल वही आणली. पहिले काही आठवडे सगळीकडे पाच होते.

आता आईचा प्रश्न. हो, सांगते. २२ जुलै २०२१ चं सांगितलं. चिपळूणच्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी आपल्या घरात शिरलं, तुमचे फोन लागेनात आणि मी इथे रात्रभर बातम्या बघत होते. दुसऱ्या दिवशी आवाज आला तेव्हा आई म्हणाली, "काही नाही गं, चिखल आहे, काढतोय," आणि बाबांनी मला ऑफिसला जायला सांगितलं. मी रडायला लागले तर "इथे आम्ही नाही रडत, तुला काय झालं?" असं उत्तर आलं. तुम्ही घाबरला होतात की नाही, हे मला आजही माहीत नाही. आमच्याकडे कोणी घाबरतच नाही, एवढंच मी मॅडमना सांगितलं.

त्यांनी तुम्हाला दोष दिला नाही. लिनहानबाईंचं म्हणणं असं की काही मुलं जन्मतःच जास्त हळवी असतात, आणि आजूबाजूला "त्यात काय एवढं" ऐकत वाढली की त्यांना आपल्याला नेमकं काय होतंय हेच ओळखता येत नाही. मग ऐकू जावं म्हणून ती आणखी मोठ्याने रडतात, आणि घरचे आणखी कडक होतात. दोन्ही बाजू एकमेकींना चढवत जातात. न रडण्याच्या तुमच्या पद्धतीवर आपलं घर पुरातून उभं राहिलं, हे मला दिसतं. कमरेइतक्या चिखलात भांबावून बसणारी आई मला नकोच होती. पण ती पद्धत माझ्या अंगाला बसली नाही, आणि तुम्ही वाईट आई-बाप आहात असा त्याचा अर्थ होत नाही.

मागायचं एवढंच आहे. मी फोनवर रडले तर लगेच उपाय सांगू नका, आणि आई, लगेच देवाचं नाव घ्यायला लावू नकोस. आधी "वाईट वाटलं असणार" एवढं म्हणा आणि थोडा वेळ गप्प बसा. मग हवं तर उपाय सांगा, बाबांचे उपाय बहुतेक वेळा बरोबरच असतात. कोल्हापूरच्या मावशीला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझी हरकत नाही, पण तिने बुवांचा पत्ता पाठवला तर तो तुमच्याकडेच ठेवा.

गणपती झाल्यावर मॅडम एकदा तुम्हालाही घेऊन ये म्हणाल्यात. तिघं बसून तासभर बोलायचं. प्रवास नको असेल तर व्हिडिओवरही चालतं, पण मला तुम्ही इथे आलेलं आवडेल. कुंभार्ली घाटाने येणारी सकाळची एसटी धरलीत तर ऊन उतरायच्या आत पोचाल. बाबांचे डोळे याच खेपेला तपासून घेऊ, तारीख कळवा म्हणजे मी नंबर लावते. आमसुलं संपलीत, अर्धा किलो आणा.

तुमची,
मृणाल