शिरोलीतले अभियंतेही मोजावेत

तरुण अभियंत्यांच्या यशाचा आढावा घेणारा आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. त्यात पुणे, बेंगळुरू व परदेशातील नोकऱ्या आणि तेथील ‘पॅकेज’ यांची सविस्तर माहिती आहे. मात्र कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत रमलेल्या माजी विद्यार्थ्यांचा साधा उल्लेखही नसावा, हे खटकले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि खेड्यापाड्यांतील अनेक मुलांना घराजवळच अभियंता होता आले. माझा असाच एक विद्यार्थी शिरोलीतील फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात आहे. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागांत वारंवार पडणाऱ्या पोकळ्यांचे मूळ साच्याच्या वाळूतील जादा ओलाव्यात आहे, हे त्याने शोधले आणि दर पाळीला वाळू तपासण्याची शिस्त लावली. तेव्हापासून पुन्हा भट्टीत जाणारा माल पुष्कळ कमी झाला. (त्याचा पगार मी कधी विचारलेला नाही.) महाविद्यालयांनी माहितीपत्रकात सर्वाधिक पगाराच्या आकड्याशेजारीच, पाच वर्षांनंतरही किती पदवीधर अभियांत्रिकीच्या कामात टिकून आहेत, हा आकडाही छापावा.

– एक निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी, कोल्हापूर